शाळेतले अॅफिनिटी ग्रुप आणि आपली वेगळी पंगत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी मूळची सांगलीची, गेली १४ वर्षं बोस्टनजवळच्या एका गावात राहते आणि इथल्याच सरकारी शाळेत तिसरीच्या वर्गावर असिस्टंट आहे, माझी मुलगी पण ह्याच शाळेत शिकली. तुमचा पेपर रोज सकाळी फोनवर वाचते. पत्र लिहायचं कारण म्हणजे आमच्या सांगलीच्या शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर महिनाभरात तिसऱ्यांदा तोच मेसेज फिरत आला, "अमेरिकेतल्या शाळांत रंगभेद परत आला, ब्लॅक लोकांची मीटिंग वेगळी आणि एशियन लोकांची वेगळी", आणि खाली सगळ्यांचे अंगठे. तिथे चार ओळीत सांगून होणारं नाहीये म्हणून तुम्हाला लिहितेय.

ह्या ग्रुप्सना इथे अॅफिनिटी ग्रुप म्हणतात. सोप्या भाषेत सांगायचं तर सारखा अनुभव असलेली माणसं महिन्यातून एकदा शाळा सुटल्यावर तासभर एकत्र बसतात, पालकांचे ग्रुप वेगळे आणि शिक्षक-स्टाफचे वेगळे. येणं सक्तीचं नाही, हजेरी नाही. आणि १९५४ च्या आधी जे होतं ते काय होतं हे पण एकदा आठवावं, कॅन्सस राज्यातल्या टोपीका शहरातल्या लिंडा ब्राऊन ह्या ब्लॅक मुलीला घराजवळची शाळा सोडून लांबच्या शाळेत जावं लागायचं कारण जवळची शाळा गोऱ्यांची होती, ते सुप्रीम कोर्टाने १७ मे १९५४ ला बेकायदा ठरवलं. तिला कुणी विचारलं नव्हतं तुला कुठे बसायचंय. ह्या दोन गोष्टी एकाच मापात तोलणारा मेसेज पुढे ढकलताना निदान इतकं तरी बघावं असं मला मनापासून वाटतं.

आता माझं सांगते. देशभरात सरकारी शाळांतले दर १० शिक्षकांत साधारण ८ गोरे आहेत, मुलं मात्र निम्म्याहून कमी गोरी, त्यामुळे स्टाफरूममध्ये आपल्यासारखं कुणी दिसलं तर दिसलं. आमच्या शाळेत माझ्याशिवाय अजून एक भारतीय असिस्टंट आहे, ती तमिळ, माझ्यापेक्षा वीतभर उंच, केस कापलेले, चष्मा. तरी लोक आमच्यात गोंधळ करायचे, दोन वर्षं तिचे ईमेल मला यायचे आणि माझे तिला. ते मी सोडून दिलं होतं. मग एका जूनमध्ये माझं वार्षिक मूल्यमापन हातात आलं आणि त्यात लिहिलेलं की मी अमुक मुलाला वाचनात छान मदत केली. त्या मुलाला मी कधी भेटलेच नव्हते, तो तिच्या वर्गातला. म्हणजे तिचं वर्षभराचं काम माझ्या कागदावर, आणि माझं कुठे गेलं कुणास ठाऊक. खाली सही करायची जागा होती, मी सही केली, घरी आले आणि कुकर लावता लावता रडले.

हे मी कुणाला सांगितलं नसतं, खरंच नसतं, कारण सांगायला गेलं की समोरचा "अगं चुकून झालं असेल" म्हणतो आणि आपणच चिडक्या ठरतो. स्टाफच्या ग्रुपमध्ये सांगितलं. लायब्ररीत लहान मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर आम्ही सात जण बसलेलो, एक ब्लॅक शिक्षिका, नोकरीला २२ वर्षं झालेली, माझं ऐकून तिने पर्समधून स्वतःचा जुना कागद काढला, तिच्या बाबतीत हेच झालेलं आणि तिने तो कागद जपून ठेवला होता. पुढच्या आठवड्यात ती, मी आणि ती तमिळ असिस्टंट अशा आम्ही तिघी मिळून मुख्याध्यापकांकडे गेलो. कागद दुरुस्त झाला, आणि आता मूल्यमापन लिहिणाऱ्याने वर्गात येऊन किमान दोनदा बसायचं असा नियम झाला, जो गोऱ्या शिक्षकांच्या पण कामाचा आहे. एकटी गेले असते तर हे झालं नसतं.

पालकांचं पण तसंच. १६ मार्च २०२१ ला अटलांटा भागातल्या स्पामध्ये गोळीबारात ८ जण गेले, त्यातल्या ६ एशियन बायका होत्या. त्या आठवड्यात झूमवर एशियन पालकांची मीटिंग झाली, एक चिनी आई म्हणाली माझ्या आईने रोजचं फिरणं बंद केलंय, घराच्या मागच्या अंगणातच फेऱ्या मारते. मग एकेकाने आपापल्या घरातलं सांगितलं. आम्हा भारतीयांना तोवर वाटत होतं की हे त्यांचं आहे, आपलं नाही.

पण मला सगळंच पटतं असं नाही. जवळच्या वेल्सली गावात त्याच गोळीबारानंतर शाळेने मुलांसाठी अशी सभा ठेवली आणि गोऱ्या मुलांसाठी ही नाही असं कळवलं, त्यावर पालकांच्या एका संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये केस टाकली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये तडजोड झाली की दार सगळ्यांना उघडं ठेवायचं. माझ्या मते बरोबर झालं. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानुसार सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेला वंशावरून कुणाला बाहेर ठेवता येत नाही, आणि दार उघडं ठेवल्याने बिघडत पण काही नाही, आमच्याकडे ब्लॅक कुटुंबांच्या ग्रुपमध्ये एक गोरी आई येते, तिने दत्तक घेतलेली मुलगी ब्लॅक आहे, तिच्या केसांची निगा कशी राखायची, तेल कुठलं, वेण्या किती दिवस ठेवायच्या हे ती तिथेच शिकली. लहान मुलांना शाळेच्या वेळात वर्गातून उठवून रंगाप्रमाणे वेगवेगळ्या खोलीत बसवायला तर माझा विरोधच आहे, आठ वर्षांच्या मुलाला आपण कोण हे अजून कळतंय तोवर त्याच्यावर चिठ्ठी चिकटवू नये.

मधे १४ फेब्रुवारी २०२५ ला वॉशिंग्टनच्या शिक्षण खात्याचं पत्र आलं, वंशाच्या नावाखाली काही चालवाल तर निधी बंद होऊ शकतो, आणि बऱ्याच शाळा घाबरल्या. ऑगस्टमध्ये कोर्टाने ते पत्र रद्द केलं, तरी आमच्याकडे मधले काही महिने मीटिंग बंदच होती, आणि सगळ्यात जास्त नुकसान झालं ते मेटकोच्या पालकांचं. मेटको म्हणजे १९६६ पासून बोस्टन शहरातली मुलं, बहुतेक ब्लॅक आणि लॅटिनो, बसने आसपासच्या गावांच्या शाळांत येतात ती योजना. ही मुलं अंधारात उठतात, वर्गात एखाददुसरीच असतात, आणि त्यांच्या आईबापांना संध्याकाळी इथवर येणं जमत नाही, त्यांचा शाळेशी धागा म्हणजे ती झूम मीटिंगच होती.

आता ज्यासाठी खरं तर लिहायला बसले ते. आमच्या साऊथ एशियन पालकांच्या ग्रुपमध्ये गेल्या वर्षी एक मराठी कुटुंब आलं, विदर्भातलं. पहिल्याच दिवशी समोशाची डिश पुढे करत आपल्याच एका मराठी बाईने त्या दादांना विचारलं, "आडनाव कळलं, पण तुमचं मूळ गावचं आडनाव काय?" त्यांनी डिश खाली ठेवली. ते आडनावामागे काय शोधलं जातं हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको. मी शेजारी उभी होते आणि मी गप्प बसले, हे मला अजून खुपतं. पुढच्या मीटिंगला ते आले नाहीत. मी फोन केला तर म्हणाले, "ताई, शाळेत मुलाला ब्राऊन म्हणून वेगळं काढतात म्हणून आलो होतो, इथे तर गावाकडचंच परत सुरू झालं."

महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केलं ते अमेरिकेतल्या लोकांना, निग्रो गुलामांना मुक्त करायला झटले म्हणून, आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा म्हणून. आणि १५० वर्षांनी फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल शहराला जातीवरून भेदभाव करायला बंदी घालणारा कायदा करावा लागला. तेव्हा आपल्याच किती लोकांनी त्याला विरोध केला, तेच लोक पोराच्या वर्गातल्या गोऱ्या मुलाने टोमणा मारला की ग्रुपमध्ये येऊन पोटतिडकीने बोलतात. त्यांचं दुखणं खरं आहे, मी ते ऐकते. पण स्वतःला पाहिजे ती जागा दुसऱ्याला द्यायची वेळ आली की आपण वेगळी पंगत मांडतो.

म्हणून ह्या वर्षी ग्रुपच्या सुरुवातीला वाचायच्या नियमांत मी एक ओळ घालायला सांगितली, की इथे कुणी कुणाला जात किंवा मूळ आडनाव विचारणार नाही. दोघांनी नाक मुरडलं, एकजण म्हणाला अमेरिकेत कशाला हा विषय. ओळ घातली गेली. येत्या गुरुवारी मीटिंग आहे, त्या दादांना मी परत फोन केलाय आणि त्या दिवशी गप्प बसल्याबद्दल माफी मागितली, ते म्हणाले बायकोशी बोलून सांगतो.

आपली नियमित वाचक,
मूळ सांगली, सध्या मॅसॅच्युसेट्स