पाडायचं की वर चढवायचं?

सहकारनगर, पुणे

प्रिय श्रीधर,

मिरजेचं घर पाडून नवं बांधू की आहे त्यावरच मजला चढवू, असं तू विचारलंयस. आमचं काम आता गिलाव्यापर्यंत आलंय, तेव्हा सविस्तर लिहितो. कंटाळू नकोस.

आमचं घर तुला माहीत आहेच. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, आजोबांचं नदीकाठचं बिऱ्हाड गेलं आणि काही वर्षांनी पूरग्रस्तांच्या सोसायटीत हा बैठा बंगला उभा राहिला. आता त्यात आई-बाबा, आम्ही दोघं, दोन पोरं. शिवाय धाकटा बंगळुरूहून कायमचा परत येतोय आणि त्याच्या बायकोला सातवा लागलाय. न्हाणीघर एकच. बिल्डर येऊन गोड बोलून गेला, पण बाबांनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

गंमत अशी की आमच्या घराला कॉलमच नाहीत. सगळा भार भिंतींवर. बाहेरच्या नऊ इंची, आतल्या बऱ्याचशा साडेचार इंची, आणि साडेचार इंचीवर वरचा भार टाकायचा नसतो. म्हणजे वरचा नकाशा खरं तर आजोबांच्या गवंड्यानेच काढून ठेवला होता! हिला वर एक ऐसपैस हॉल हवा होता; मिळाल्या खालच्यासारख्याच चौकोनी खोल्या. थोडे दिवस घरात अबोला होता.

आमच्या इंजिनिअर बाईंनी आधी कोपऱ्यांत खड्डे घेऊन पाया उघडा केला. आम्ही पर्वतीच्या बाजूला, त्यामुळे मुरूम लवकर लागला. तुझी कृष्णाकाठची काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भिंतीला तिरक्या भेगा पाडते. मिस्त्री छातीठोकपणे सांगेल, ‘जुनं काम आहे साहेब, तीन मजले चढवा.’ त्याचं मुळीच ऐकू नकोस.

मग स्लॅब. स्वयंपाकघराच्या छताचे पोपडे पडायचे ते आम्ही वर्षानुवर्षं रंगाखाली दडवत आलो. बाईंनी समजावलं की काँक्रीट जुनं झालं की हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे त्यातला सळईला जपणारा अल्कलीपणा संपत जातो. मग ओल पोचली की सळई गंजते, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून खालचा थर फुटून खाली येतो. वरून लिंपून काही होत नाही. पोकळ वाजेल तेवढं सगळं फोडलं, सळया घासून त्यांना गंजरोधक लावला, अगदीच झिजल्या होत्या तिथे जोड सळया दिल्या आणि पॉलिमर मिसळलेल्या मॉर्टरने भरून काढलं. सर्वांत जास्त पैसा इथे गेला, आणि तो आल्यागेल्याला दिसणार नाही. दिसतात त्या टाइल्स!

वरच्या भिंती एएसी ब्लॉकच्या, म्हणजे आत हवेची बारीक छिद्रं असलेल्या हलक्या काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या केल्या. विटेच्या साधारण एक तृतीयांश वजन, त्यामुळे पायावर बोजा कमी. स्वयंपाकघर आणि जेवणघर यांमधली भिंत काढायची तेव्हा आधी दोन्ही बाजूंनी टेकू दिले, वर लोखंडी गर्डर सरकवला आणि मगच घण लागला. त्या दिवशी आई देवळात जाऊन बसली होती.

वायरिंग, नळ सगळं नवं. जुन्या जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपांत गंजाने बोट जाईना. अर्थिंग तर बऱ्याच खोल्यांत नव्हतंच. बाबांनी मात्र सागवानी चौकटी हलू दिल्या नाहीत, आणि मोझॅक फरशीला पॉलिश केल्यावर ती अशी निघाली की टाइलवाल्याची ऑर्डरच अर्धी केली. आई-बाबांची खोली खालीच, लागून संडास-बाथरूम, दार व्हीलचेअर जाईल एवढं रुंद. याला बाबा चिडले. चिडू देत.

राहत्या घरात काम काढू नकोस, एवढं मात्र निक्षून सांगतो. आम्ही मागच्या दोन खोल्यांत तग धरला, पण तान्हं बाळ असतं तर अशक्य होतं. धूळ डाळीच्या डब्यात पोचते.

तुझ्याकडे आधी खड्डा घे. काळी माती किती खोल आहे ते टेप लावून मोज आणि स्लॅबच्या खालच्या बाजूचे फोटो पाठव, मी बाईंना दाखवतो. माती खोल निघाली आणि भिंतींना तिरक्या भेगा असतील, तर मी स्वतः म्हणेन, पाड.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अनिल