आइंडहोव्हनहून आप्पांना

आइंडहोव्हन, नेदरलँड्स
१८ सप्टेंबर

ती. आप्पा आणि सौ. आईस,
सा. न. वि. वि.

पार्सल पोचलं. मेतकूट शाबूत, लोणच्याच्या बरणीनं मात्र दादाने पाठवलेल्या पुस्तकांना तेल पाजलंय.

आप्पा, परवा फोनवर तुम्ही वैतागला होतात. टीव्हीवर पोरं सारखे लढाईचे सिनेमे लावतात, म्हणालात, आणि त्यातल्या हिरोचं मॅगझिन काही संपत नाही. "एवढ्या गोळ्या हा आणतो कुठनं?" हे तर तुमचं कायमचंच. पुढे काही सांगणार तेवढ्यात आईने डाळींच्या भावाचं काढलं आणि राहून गेलं. म्हणून हे पत्र. एक मालिका अशी आहे की तिच्यापुढून तुम्ही उठून गोठ्यात जाणार नाही.

नाव 'बँड ऑफ ब्रदर्स'. जुनी आहे, २००१ सालची, दहाच भागांची. दुसऱ्या महायुद्धात विमानातून उड्या मारून उतरणाऱ्या अमेरिकेच्या १०१व्या एअरबोर्न डिव्हिजनमधली एक कंपनी, 'ईझी' म्हणायचे तिला. ट्रेनिंगपासून नॉर्मंडी, हॉलंड, बेल्जियम आणि शेवटी जर्मनी-ऑस्ट्रियापर्यंत त्याच माणसांच्या मागे कॅमेरा जातो. माणसं खरी, नावंही खरी. भागाच्या सुरुवातीला म्हातारे झालेले मूळ सैनिक बोलतात, पण त्यांची नावं खाली येत नाहीत. कोण कोण होता ते शेवटच्या भागातच कळतं. तोवर आपण ओळखत राहायचं की यातला कोण वाचला.

मी बघायला घेतली ती या शहरामुळे. १७ सप्टेंबर १९४४ ला हे पॅराट्रूपर इथून जवळच सोन गावाच्या बाजूला उतरले आणि १८ तारखेला आइंडहोव्हन जर्मनांच्या ताब्यातून मोकळं झालं. त्याची आठवण म्हणून दरवर्षी आजच्या दिवसापासून रस्त्यांवर दिव्यांची आरास लागते. १९४५ पासूनची प्रथा आहे. ऑफिसातली डच बाई म्हणाली, दिवे बघतेस तर चौथा भागही बघ.

चौथ्या भागात गर्दी सैनिकांच्या गळ्यात पडते, सगळीकडे नारिंगी झेंडे, आणि त्याच गर्दीत जर्मनांबरोबर राहिलेल्या बायकांचे केस भर रस्त्यात कापताहेत. सैनिक बघत राहतात, कुणी मध्ये पडत नाही. दुसऱ्या दिवशी कंपनी शेजारच्या न्यूनेन गावात जाते आणि मार खाऊन माघारी येते. रात्री लांबून दिसतं, तेच शहर जर्मन विमानांच्या बॉम्बखाली जळतंय. ते अगदी तसंच घडलंय. १९ तारखेच्या त्या रात्री इथली दोनशेवर माणसं गेली. न्यूनेनला मी सायकलने जाते. व्हॅन गॉग तिथे दोन वर्षं राहिला होता. मालिकेतला एक सैनिक तो तिथे जन्मला असं ठोकून देतो, ते चूक.

पण मला सांगायचाय तो याच भागातला एक साधा प्रसंग. पबमध्ये सगळे बसलेत. नॉर्मंडीनंतर भरतीला आलेला मिलर नावाचा कोवळा पोरगा छातीवर पलटणीला मिळालेली फीत लावून आलाय. कॉब नावाचा जुना सैनिक त्याला सगळ्यांदेखत सुनावतो, ही नॉर्मंडीत लढल्याबद्दल आहे, तू कुठे होतास? पोरगा निमूट फीत काढून टेबलावर ठेवतो आणि उठून जातो. मग बुल नावाचा सार्जंट शांतपणे कॉबला म्हणतो, नॉर्मंडीत तूही लढला नाहीस. कॉबला विमानातच लागलं होतं, त्याने उडी मारलीच नव्हती! न्यूनेनमध्ये मिलर मरतो. त्याचं मोठं मरण दाखवलेलं नाही, संगीत नाही, घरच्यांचा फोटो नाही. नव्या पोरांशी जुने लोक लवकर बोलत नाहीत असं तुम्ही एकदा ७१ च्या लढाईच्या गोष्टीत बोलून गेला होतात आणि का ते सांगितलं नव्हतं. मी विचारत नाही. एवढंच की ते इथे दिसतं.

सहावा भाग बेल्जियममधल्या बास्तोनचा, डिसेंबर १९४४, बर्फात वेढा पडलेला. हा भाग तुमच्यासाठी. यात लढाई थोडी आणि पाय जास्त आहेत. मोजे ओले, बूट गोठलेले, एकाचे बूटच तोफगोळ्यात गेलेले. रो नावाचा मेडिक या मोर्च्यातून त्या मोर्च्यात सरपटत जातो आणि भीक मागितल्यासारखं विचारतो, कात्री आहे का, मॉर्फिन उरलंय का, पट्ट्या आहेत का, याच्या मापाचे बूट कुणाकडे आहेत का. अख्खा भाग जवळजवळ एवढाच. गस्तीवर एक पोरगा पडतो आणि गोळीबारामुळे त्याला आणता येत नाही. परतलेले त्याबद्दल फार बोलत नाहीत.

गंमत म्हणजे ते जंगल खोटं. इंग्लंडात हॅटफील्डच्या जुन्या विमानतळावर हँगरच्या आत झाडं उभी करून कागदाचा वगैरे बर्फ पसरला होता. यातलं आइंडहोव्हनही तिथलंच, एक गाव उभारून पुन्हापुन्हा बदलून वापरलेलं. नटांना मात्र आधी दहा दिवस डेल डाय नावाच्या निवृत्त अमेरिकन मरीन कॅप्टनच्या ताब्यात दिलं होतं. त्याचा परिणाम चालण्यात दिसतो. कुणी बंदूक ट्रॉफी धरल्यासारखी धरत नाही.

आता खोट काढायची तर काढते, नाहीतर तुम्ही काढालच. ब्लाइथ नावाचा सैनिक जखमेतून कधी उठलाच नाही, १९४८ ला वारला, असं मालिका सांगते. प्रत्यक्षात तो बरा झाला, फौजेतच राहिला, कोरियाला गेला आणि १९६७ ला वारला. बास्तोनमधली रने लमेर ही नर्स खरी, नाताळच्या आदल्या रात्री बॉम्ब पडून गेली तीही खरी. तिच्याबरोबरची काळी नर्स ऑगस्टा शिवी यात जेमतेम दिसते, तीही वेगळ्या नावाने. पुष्कळ लोक तिलाही मेलेली समजत होते. ती २०१५ पर्यंत होती. आणि जर्मन म्हणजे बहुतेक वेळा लांबून येणाऱ्या गोळ्या, त्यांना तोंड नाही. शत्रूबद्दल तुम्ही कधी वाईट बोलत नाही, म्हणून तुम्हाला हे खटकेल.

बघताना राहून राहून तात्या आठवले. ते इटलीत होते यापलीकडे आपल्या घरात कुणाला काही माहीत नाही. इटलीत आपले साडेपाच हजारांवर सैनिक गेले. माणगावचे नाईक यशवंत घाडगे त्यातलेच, मराठा पलटणीचे, वय बावीस. १० जुलै १९४४ ला टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या सेक्शनचे सगळे पडले तेव्हा ते एकटे मशिनगनवर धावून गेले. ग्रेनेड टाकला, एकाला गोळी घातली, आणि आप्पा, पुढे मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून नळीकडून बंदूक धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने मारलं. नंतर स्नायपरने त्यांना टिपलं. व्हिक्टोरिया क्रॉसच्या सन्मानपत्रातच आहे हे. आपल्याकडे कुणी हे काढलं तर त्यांच्या तोंडी दोन पानांचं भाषण घालतील याची मला भीती वाटते. घाडग्यांच्या सेक्शनमधली बाकीची पोरं कोण होती, कुठल्या गावची, त्यांच्या बुटांचं काय झालं होतं, तिथपासून कुणी सुरुवात केली तर ती मी आधी बघेन.

म्हणून एक काम. आत्याकडे तात्यांची पत्र्याची ट्रंक आहे. तिच्यात डिस्चार्जचं पुस्तक असलं तर दादाला सगळ्या पानांचे फोटो काढून पाठवायला सांगा, कोरी पानंसुद्धा. पलटण आणि नंबर कळला तर ते कुठे कुठे होते हे इथून शोधता येईल. आत्या ट्रंक देणार नाही, तिथेच बसून फोटो काढू दे.

मालिका दादा लावून देईल. सबटायटल इंग्रजी आहेत, तुम्हाला अडचण नाही. पहिल्या भागातला सोबेल नावाचा कॅप्टन बघून तुम्हाला कुणाची आठवण येईल ते मला माहीत आहे, नाव फोनवर सांगा. आईने नववा भाग बघू नये. त्यात जर्मनांची छळछावणी आहे, तिला रात्री झोप लागणार नाही. गुडघ्याचं तेल संपलं असेल तर कळवा, नोव्हेंबरात इथून एकजण पुण्याला येतोय.

तुमची धाकटी