मोत्यांचा सर, खिडकीचा उजेड आणि लिंबाचं कॉकटेल

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. इकडे सापडलेल्या चांगल्या गोष्टी कळव म्हणालीस. लांबलचक यादी देत नाही. तीनच लिहिते, पण घरी करून बघता येतील इतक्या नेमक्या.

पहिला मान मोत्यांच्या सराचा. नुसता ओवलेला सर आणि दर दोन मोत्यांमध्ये गाठ मारून ओवलेला सर, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. गाठ असली की मोती एकमेकांवर घासत नाहीत, सर गळ्यात मऊ पडतो आणि दोरा तुटलाच तर एखाद-दुसराच मोती निसटतो. ७ मि.मी.च्या मोत्यांना ०.६ मि.मी. जाडीचा, म्हणजे क्रमांक ४ चा रेशमी दोरा घ्यायचा. तो इथे २ मीटरच्या कार्डावर गुंडाळलेला, टोकाला पातळ तारेची सुई जोडलेलाच मिळतो. दोरा पातळ पडला तर गाठ सरळ भोकात शिरते. ४५ सें.मी.च्या सराला फासकीसकट (म्हणजे सर मागे अडकवायच्या कडीसकट) साधारण ५६ मोती पुरतात, कारण प्रत्येक गाठ पाऊण-एक मिलिमीटर जागा खाते. गाठी हिशेबात धरल्या नाहीत तर सर ठरवल्यापेक्षा चार-पाच सेंटिमीटर लांब होतो.

दोरा ओवण्याआधी रात्रभर वजन बांधून टांगून ठेव. रेशीम ताणलं जातं. ते आधीच ताणून घेतलं नाही तर पुढे गाठीशेजारी फटी दिसायला लागतात. आता गाठ. मोती आधीच्या गाठीला टेकव. दोन बोटांभोवती दोऱ्याचा सैल फास कर आणि ओवलेला सर त्यातून खाली सोड. फासात जाड सुई घाल आणि त्या सुईनेच फास मोत्यापर्यंत सरकवत ने. अगदी टेकला की दोरा ओढत सुई बाहेर काढ आणि गाठ नखाने मोत्याकडे रेट. इथे घाई नको गं. सुई आधीच काढली तर गाठ मोत्यापासून दूर आवळते, आणि रेशमात एकदा बसलेली गाठ सोडवताना दोरा पिंजतो. दोन्ही टोकांच्या तीन-तीन मोत्यांची भोकं मात्र थोडी मोठी करून घ्यावी लागतात, कारण फासकी अडकवून दोरा त्यांतून परत फिरतो. अत्तर लावून झाल्यावरच सर घालायचा आणि ठेवताना टांगायचा नाही, आडवा ठेवायचा.

सर झाला की त्याचा फोटो खिडकीशी घे. उजेड एका बाजूने येऊ दे, थेट ऊन असेल तर काचेवर बटर पेपर लाव आणि समोरच्या बाजूला पांढरा पुठ्ठा उभा कर. खोलीतले दिवे बंदच हवेत; पिवळा दिवा आणि दिवसाचा उजेड मिसळला की मोत्याचा खरा रंग हाती लागत नाही. पांढऱ्या कागदावर ठेवलास तर फोटो राखाडी येईल, कारण कॅमेरा भरपूर पांढरं दिसलं की उजेड कमी करतो. एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, +१ च्या आसपास ने. मोबाईल जवळ नेऊ नकोस, मागे सरकून २x झूम घे. फार जवळून पुढचे मोती फुगलेले दिसतात. चमकत्या धातूच्या फासकीवर चकाकी कमी करणाऱ्या पोलरायझर फिल्टरचा उपयोग होत नाही, तिच्यासमोर पांढरा कागदच धरावा लागतो.

आता कॉकटेल. डायकिरी: पांढरी रम ६० मि.ली., ताज्या लिंबाचा गाळलेला रस ३०, साखरेचं सिरप २२. सिरपसाठी साखर आणि पाणी सारख्याच वजनाने घे आणि साखर विरघळेपर्यंतच गरम कर. हे सगळं शेकरमध्ये (पेय हलवायच्या झाकणाच्या भांड्यात) घाल, तो बर्फाने भरून १२ सेकंद जोरात हलव, बाहेरून दव धरेपर्यंत, आणि गार केलेल्या ग्लासात गाळ. बर्फ फ्रीजरमधून तेव्हाच काढ. वितळायला लागलेल्या बर्फाचं पाणी आधीच पेल्यात उतरतं आणि चव पचपचीत होते. मद्य नको असेल तर रमऐवजी गार केलेला कडक कोरा चहा घाल. त्याचा तुरटपणा रमची जागा बऱ्यापैकी भरतो. रस मात्र त्याच दिवशीचा हवा, शिळा कडवट लागतो.

तुझ्याकडच्या मोत्यांची जाडी आणि भोकाचं माप कळव, म्हणजे त्या क्रमांकाचा दोरा येताना घेऊन येते.

तुझी,
धाकटी