तिकिटं काढली आहेत

ती. बाबा आणि आई,
सा. न.

शुक्रवारची पुण्याची तिकिटं काढली आहेत, दोन्ही खालचे बर्थ. आधी विचारलं असतं तर बाबा "पाडव्यानंतर बघू" म्हणाले असते, म्हणून विचारलंच नाही. दिवाळीला मी इंदूरला आले असते तर न फोडलेली गोळ्यांची पाकिटं तेव्हाच दिसली असती. ते माझंच चुकलं.

बाबा, तुम्ही म्हणता, व्हायरस आजीकडून आलेला, इतकी वर्षं गप्प होता, मग गोळी कशाला? गप्प होता, कारण जन्मताच शिरलेल्या हिपॅटायटिस बीला शरीर वर्षानुवर्षं परका मानतच नाही. तो स्वतः यकृताच्या पेशी सहसा मारत नाही. मारतात त्या आपल्याच टी-पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीचे शिपाई. जिच्यावर त्याचा मागमूस दिसेल ती अख्खी पेशीच. रामबागेच्या घरात उंदीर निघाला आणि तुम्ही काठी घेऊन फडताळात शिरलात, आठवतंय? उंदीर मोरीतून पसार आणि आईच्या लोणच्याच्या तीन बरण्या फुटल्या. मी पलंगावर उभी राहून टाळ्या पिटत होते. तुमच्या रक्तात एसजीपीटी, म्हणजे यकृताच्या पेशींतलं एन्झाइम, ४१२ आलंय ना, ते त्या फुटक्या बरण्यांतून वाहत आलेलं तेल समजा. आणि असं वारंवार झालं की यकृतात वण साठत जातात.

गोळी व्हायरसची वाढ दाबून ठेवत होती. तुम्ही मनानं बंद केलीत, तो वाढला, आतली काठी उठली. वर प्रतिकारशक्तीसाठी गुळवेलीचा काढा! गुळवेल घेऊन यकृत बिघडल्याच्या, तेही प्रतिकारशक्ती उलटून, केसेस मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्येच छापल्यात. काढा आजपासून बंद. गोळी पुन्हा सुरू झालीये, ती रोज उपाशीपोटी, गाडीतसुद्धा. रागावून नाही लिहीत हो. रिपोर्ट बघून मला रात्रभर झोप लागली नाही.

खोली तळमजल्यावर आहे, कमोड आहे, सकाळचं ऊन थेट पलंगावर येतं. जिरावन आणि शेव मात्र तिकडूनच आणा, इथल्या पोह्यांना बाबा नाकं मुरडतील. आई, तुळस शेजारच्या काकूंकडे दे. तुझंही रक्त इथे तपासायचंय, काही नाही निघालं तर लस. तिचे तीन डोस, शेवटचा सहाव्या महिन्यात.

म्हणजे हो, सहा महिने. परतीचं तिकीट काढलेलं नाही. फोनवर सांगायची हिंमत झाली नाही.

तुमची,
छकुली