अण्णा, म्हशीची वही अजून माझ्याकडं आहे

बेळगाव जिल्ह्यातल्या हुक्केरी तालुक्यातल्या आमच्या अण्णांना,
नमस्कार.

२०१९ च्या महापुरातल्या मदतीच्या आभाराचा विषय फोनवर काढला की तुम्ही "इर्ली बिड्री, अक्का", म्हणजे राहू द्या हो ताई, असं म्हणता आणि पावसापाण्याचं विचारायला लागता. सहा वर्षं असंच चाललंय. म्हणून आता लिहूनच काढते, आणि तेही चारचौघांसमोर. तुमच्या सूनबाई आमच्या निपाणीकडच्याच, त्या वाचून तुम्हाला कन्नडात सांगतील. शेवटपर्यंत ऐका, मधेच उठून गोठ्यात जाऊ नका.

२०१९ साली पंचमी ५ ऑगस्टला होती. थोरली लेक बाळाला घेऊन माहेरी आली होती. वर पाटगावाकडं पाऊस थांबत नव्हता, वेदगंगा फुगत होती. पण नुसत्या वेदगंगेनं आमचं गाव बुडत नाही. खाली दूधगंगा भरलेली, तिच्या खाली कल्लोळला, जिथं ती कृष्णेला मिळते तिथं, कृष्णा तुंबलेली. पाण्याला पुढं सरकायला जागाच नसते, मग ते मागं येतं. जत्राट-भिवशी, सिदनाळ-अक्कोळ, कारदगा-भोज हे पूल तर दर पावसाळ्यात पाण्याखाली जातात, त्याचं आम्हाला काही वाटत नाही. त्या साली यमगर्णीजवळ पुणे-बंगळूर हायवेच बंद झाला. सासऱ्यांनी २००५ च्या पाण्याची खूण गोठ्याच्या भिंतीवर कोरून ठेवली होती, "याच्या वर येत नाही" म्हणून. रात्री अकराला ती खूण बुडाली.

दावी सोडली, दोन्ही म्हशी आणि रेडकू हाकत वरच्या माळावर नेलं. माणसं शाळेतल्या गंजी केंद्रात, म्हणजे पूरग्रस्तांच्या निवारा केंद्रात. तिथं भात-आमटी वेळेवर मिळत होती, लेकराला दूध मिळालं, गावोगावची तरुण पोरं रात्रंदिवस राबत होती. त्यांचं ऋण मी विसरलेली नाही. कपडे आले, बिस्किटं आली, चादरी आल्या. पण माझा जीव माळावर होता. जनावरांना घालायला काय होतं? वैरणीची बणीम पाण्यात जाऊन कुजली होती. हत्ती गवत चिखलानं लडबडलेलं, जनावर त्याला तोंड लावत नाही, आणि लावलं तर हगवण लागते. उसाच्या पोंग्यात गाळ बसला होता, तो कुजणार हे दिसतच होतं. दुभत्या म्हशीचं दूध निम्म्यावर आलं. कुणाला सांगायचं? माणसं बेघर झालीत आणि ही बाई म्हशीचं रडतीय, असं म्हणतील म्हणून मी गप्प होते.

पाणी उतरून रस्ता सुरू झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात. सूनबाईंच्या माहेरची विचारपूस करायला म्हणून निघालात आणि दोन ट्रॉल्या भरून कडबा घेऊन आलात. ट्रॅक्टरवरून उतरल्यावर पहिलं वाक्य, "मेव ऐतेन्री?" वैरण आहे का? मला कन्नड मोडकंतोडकं येतं, पण हे कळलं. आठ दिवसांत तो प्रश्न कुणी विचारला नव्हता, अण्णा. मी तिथंच रस्त्यावर रडले आणि तुम्ही दुसरीकडं बघत उभे राहिलात.

तुमच्याकडं त्याआधीचा उन्हाळा किती कडक गेला होता ते मला नंतर समजलं. तो कडबा विकायचा नव्हता, तुमच्या स्वतःच्या जनावरांचा होता. पुढच्या ज्वारीपर्यंत पुरवायचा होता. तुम्ही बणवी म्हणता, आम्ही बणीम म्हणतो. तुमची बणवी निम्मी करून तुम्ही आमच्या गावातल्या अकरा गोठ्यांत पेंढ्या वाटल्यात. कुणाचा गोठा कुठल्या गल्लीतला, कुणाची भाषा कुठली, काही विचारलं नाही. फक्त जनावरं किती ते विचारलं. तुमच्या घरातून शेंगदाण्याच्या उंड्याही आल्या होत्या, स्टीलच्या डब्यात. पंचमीच्या. वहिनींना सांगा, त्या साली माझ्या लेकीची पंचमी त्या डब्यानं झाली.

मग तुम्ही आमचा गोठा बघितलात. मागची भिंत पडलेली, खाली गुडघाभर चिखल. म्हशीचे खूर पाण्यात भिजून मऊ पडले होते, घटसर्पाची भीती होती. तुम्ही म्हणालात, दुभती आणि तिचं रेडकू मी घेऊन जातो, गोठा उभा राहिला की आणून सोडतो. घरातल्या काहींना हे पटलं नव्हतं, ते आज सांगते. अनोळखी माणसाच्या हाती दुभतं जनावर कसं द्यायचं? मी दिलं, कारण रेडकाला टेम्पोत चढवताना तुम्ही आधी स्वतःची घोंगडी खाली अंथरलीत.

बावन्न दिवस. दसऱ्याच्या आधी तुम्ही तिला परत आणलंत, अंगावर तकाकी, खूर धड. आणि बरोबर ती वही. पोरांच्या शाळेची वही, निम्मी पानं वापरलेली. आकडे कन्नडात, रोजचे. सकाळ, संध्याकाळ, डेअरीला किती घातलं, काय दर लागला. पहिले चार दिवस जेमतेम एक-एक लिटर, कारण ती रुसली होती. पुढं साडेचार-पाच. काही दिवसांपुढं "मनी" लिहिलंय. सूनबाईंनी सांगितलं, म्हणजे घरी ठेवलेलं दूध. तुमच्या घरात चहाला वापरलेल्या अर्ध्या लिटरचेही पैसे तुम्ही धरले होते. शेवटच्या पानावर गोळी पेंडीच्या दोन पोत्यांचे पैसे वजा करून ७ हजार १६० रुपये माझ्या हातावर ठेवलेत.

कडबा मात्र धरला नव्हता, डॉक्टरची फी धरली नव्हती, टेम्पोचं भाडंही नाही. मी हटून बसले, तेव्हा तुम्ही पेंडीच्या ओळीवर बोट ठेवलंत आणि म्हणालात, कापून घेतलेत की! ती दोन पोती तुम्ही का कापलीत हे मला फार उशिरा उमगलं. सगळं फुकट झालं असतं तर मला तुमच्याकडं मान वर करून बघता आलं नसतं. पडलेल्या घरांसाठी सरकारनं ५ लाख जाहीर केले, त्याचे कागद करत आम्ही वर्षभर फिरलो, तेही उपयोगी पडले, नाही म्हणत नाही. पण त्या दसऱ्याला चूल पेटली ती तुमच्या सात हजारांवर.

२०२१ च्या जुलैमध्ये यमगर्णीला पुन्हा पाणी आलं तेव्हा पहाटे साडेचारला तुमचाच फोन होता. "एम्मी कळसरी." म्हैस पाठवा. त्या वेळी आम्ही आधीच वर नेली होती, आणि नवा गोठा चार फूट जोत्यावर बांधलाय, त्यामुळं लागलं नाही. पण त्या फोननंतर मी चहा ठेवला आणि बऱ्याच दिवसांनी शांतपणे प्यायले.

तुमच्याकडं राहून आलेली ती म्हैस आता थकली. पण परत आल्यावर पुढच्या वेताला तिला रेडी झाली, ती आता दुसऱ्यांदा गाभण आहे. या महिन्यात व्याईल. चीक निघाला की मुलगा किटली घेऊन तुमच्याकडं येईल, वहिनींना खरवस करायला सांगा. किटली रिकामी परत पाठवायची नाही ही रीत तुमच्याकडंही आहे, आमच्याकडंही. एवढ्या एका वेळेला, अण्णा, ती रिकामीच येऊ द्या.

तुमची बहीण,
वेदगंगेकाठची