बॅटरी बदलायच्या आधी मीटर लावा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पुण्यात आता घरोघरी एक प्रकार दिसतो, सोमवार ते शुक्रवार गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी कारण ऑफिसला टू-व्हीलर नाहीतर वनाझची मेट्रो, आणि रविवारी गावाला निघायचं म्हणून सेल्फ मारला की नुसतं कट कट कट. मग वॉचमनला हाक, जम्पर केबल कुणाकडे आहे का बघा, आणि शेवटी मेकॅनिक येऊन ठरलेलं वाक्य बोलतो, "बॅटरी गेली साहेब, नवीन टाका". नवीन टाकली की थोडे दिवस बरे जातात आणि परत पहिले पाढे पंचावन्न. मी ऑटो इलेक्ट्रिकलच्या कामात आयुष्य काढलंय म्हणून सांगतो, बाहेरून टेप, म्हणजे म्युझिक सिस्टिम, बसवलेली गाडी असेल तर बॅटरीच्या आधी टेपवर संशय घ्या.

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांची हॅचबॅक घ्या. मोठ्या स्क्रीनचा अँड्रॉइड टेप एका दुकानातून बसवून घेतला आणि तेव्हापासून गाडीची बॅटरी उतरायला लागली. दुकानदार म्हणे बॅटरीवाल्याकडे जा, बॅटरीवाला म्हणे बॅटरी चांगली आहे, चार्ज करून देतो, आणि दोघांपैकी कुणीही गाडी बंद असताना किती करंट जातो ते मोजलं नाही. मोजायला लागतं काय, तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, करंट आणि व्होल्ट मोजणारा साधा मल्टिमीटर मिळतो तो. निगेटिव्ह टर्मिनल सोडवायचं, मीटरची लाल पिन १० अँपिअरच्या भोकात घालायची आणि मीटर टर्मिनल व केबलच्या मधे जोडायचा. तो जोडलेला असताना चुकूनही सेल्फ मारायचा नाही, मीटरचा फ्यूज उडालाच म्हणून समजा. बॉनेट उघडंच ठेवायचं, दाराचं लॅच स्क्रूड्रायव्हरने दाबून ठेवायचं म्हणजे गाडीला वाटतं दार बंद आहे, आणि मग अर्धा तास थांबायचं कारण आतले कंप्युटर लगेच झोपत नाहीत. इथेच लोक घाई करतात, लगेच आकडा बघतात आणि घाबरतात.

सगळं झोपल्यावर साधारण २० ते ५० मिलीअँपिअर दिसले तर गाडी ठणठणीत. काकांच्या गाडीत ४०० च्या आसपास होते. म्हणजे दिवसाला साडेनऊ अँपिअर-अवर गेले, बॅटरी ३५ अँपिअर-अवरची, दोन दिवसांत अर्धी रिकामी आणि गुरुवारपर्यंत सेल्फ फिरवायची ताकद संपली. त्यात लेड-अ‍ॅसिड बॅटरी अशी वारंवार तळाला गेली की प्लेटांवर सल्फेट धरतं आणि ती कायमचीच अशक्त होते, म्हणून तर नवी बॅटरीपण टिकत नाही. मग एकेक फ्यूज खेचत गेलो, टेपचा फ्यूज निघाला तसा आकडा धाडकन खाली आला.

टेप बाहेर ओढला तर मागे चिकट झालेल्या काळ्या पट्टीखाली पिवळी आणि लाल वायर एकत्र पिळलेली. पिवळी म्हणजे कायम बारा व्होल्ट, घड्याळ आणि सेटिंग लक्षात ठेवायला, ती बंद गाडीत जेमतेम काही मिलीअँपिअर खाते. लाल म्हणजे एसीसी, अ‍ॅक्सेसरीची वायर, किल्ली फिरवल्यावरच तिथे करंट यायला हवा. दोन्ही जोडल्या की टेपला कळतच नाही गाडी बंद झालीये, स्क्रीन काळी दिसते पण आतला प्रोसेसर रात्रभर जागा. फिटर असं का करतो तेही सांगतो, काही नव्या गाड्यांत टेपच्या कपलरला, म्हणजे मागच्या प्लगला, एसीसीची वायरच नसते, सगळं कॅनबसवर, म्हणजे गाडीतल्या कंप्युटरांच्या आपसातल्या डेटा वायरवर, चालतं, तिथे तो संदेश वाचणारा डीकोडर लावा नाहीतर फ्यूजबॉक्समधून वेगळी वायर ओढा, हे वेळखाऊ काम, आणि बाहेर पुढचं गिऱ्हाईक उभं. काकांच्या गाडीत लाल वायर वेगळी करून एसीसीवर नेली, आकडा तिशीच्या आत आला.

वूफर-अ‍ॅम्प असेल तर निळी वायर बघा, ती अ‍ॅम्पला चालू-बंद करते, ती कायमच्या बारा व्होल्टला जोडली असेल तर अ‍ॅम्प कधीच बंद होत नाही. सकाळी गाडी सुरू करायच्या आधी अ‍ॅम्पवर हात ठेवा, कोमट लागला तर मीटरसुद्धा नको. आणि बॅटरीपासून अ‍ॅम्पला गेलेल्या जाड वायरला बॅटरीजवळच फूट-दीड फुटात फ्यूज नसेल तर तो आधी बसवा, ती वायर कुठे घासली तर थेट आगच. डॅशकॅम, ट्रॅकर हेही असंच पितात. पण टेप न लावताही गाडी उतरत असेल तर चालू गाडीत बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट येतायत का ते बघा, चालू इंजिनावर बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटरच काम करत नसेल तर टेपला उगाच शिव्या.

रोज रात्री निगेटिव्ह टर्मिनल सोडवून ठेवणारे लोकपण बघितलेत, चालतं ते, पण हा काय इलाज झाला?

आता मागणी. नाना पेठेत, कोथरूडमध्ये, हडपसरला, सगळीकडे चांगले जाणकार फिटर आहेत, त्यांना हे नवीन नाही. पण गिऱ्हाईक विचारत नाही म्हणून कुणी मोजत नाही. टेप बसवून झाल्यावर गाडी बंद करून किती करंट जातो हा आकडा बिलावर लिहून द्या असं प्रत्येकाने सांगावं, आणि कुठली वायर कापली, कुठे जोड मारला तेही, कारण वायर कापलेली दिसली की गाडीची कंपनी इलेक्ट्रिकल वॉरंटी नाकारू शकते आणि तेव्हा दुकानदार हात वर करतो. तुमच्या पुरवणीत दर आठवड्याला नव्या गाड्यांच्या स्क्रीन किती इंची ते छापून येतं, त्याच पानावर एकदा ही मोजणी फोटोसकट छापा की.

आपला,
एक जुना वाचक, कोथरूड, पुणे