दहावीच्या मुलांना पुरवणी परीक्षेची वाटही सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

संक्रांतीच्या गड्डा यात्रेतले पाळणे उतरतात न उतरतात तोच आपल्या सोलापुरात दहावीच्या घरांतून एक वेगळीच शांतता पसरते. पूर्वपरीक्षेचे गुण कळलेले असतात, दूरचित्रवाणी बंद झालेली असते आणि मुलांचे जेवण कमी झालेले असते. मी अनेक वर्षे पूर्व भागातील एका शाळेत गणित शिकवले. गणिताच्या पेपरच्या सकाळी एका विद्यार्थिनीला उलट्या सुरू झाल्या. घरी तेलुगू बोलणारी, मराठी माध्यमात शिकणारी ही मुलगी. आई विड्या वळणारी. कशाची भीती वाटते असे विचारले, तेव्हा ती म्हणाली, "सर, नापास झाले तर मलापण सूप घेऊन विड्या वळायला बसवतील."

तिची भीती पेपरची नव्हती, पेपरनंतरच्या आयुष्याची होती. एक-दोन विषय राहिले तरी मंडळाच्या 'एटीकेटी' सवलतीने अकरावीत प्रवेश मिळू शकतो, पुरवणी परीक्षा जून-जुलैतच होते आणि गणिताच्या १०० पैकी २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे असतात, यांपैकी काहीही तिला किंवा तिच्या आईला ठाऊक नव्हते. ठाऊक असणार तरी कसे? मीच वर्गात ते कधी सांगितले नव्हते. हे आधी कळले तर मुले अभ्यासात ढिलाई करतील, असा आम्हा शिक्षकांचा समज असतो. माझ्या अनुभवात ढिलाई करणारा विद्यार्थी तसाही ढिलाई करतोच. रात्रभर जागून पाठ केलेले सूत्र सकाळी विसरतो तो घाबरलेला विद्यार्थी.

निकालानंतर चौकाचौकांत गुणवंतांचे फलक लागतात, त्याला माझी हरकत नाही. मात्र शाळांनी परीक्षेपूर्वीच्या पालकसभेत पुरवणी परीक्षेचे आणि सवलतीचे नियम स्पष्ट सांगावेत, आणि ज्या वस्त्यांत गरज आहे तेथे ते तेलुगूत, कन्नडमध्येही सांगावेत. 'टेलिमानस' या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक प्रवेशपत्रासोबत मुलांच्या हाती द्यावा. या कामाला वेगळा निधी लागत नाही. सभेतील पंधरा मिनिटे पुरतात, आणि ती लेखी परीक्षेच्या आधीची हवीत.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, सोलापूर